आत्याबाईंच्या गाडीचे टायर

माझा स्वभाव तापट आहे. लपवून काही उपयोग नाही, कारण ताडकळसला आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं तरी तो हेच सांगेल. मी शाळेत गणित शिकवते, आणि पोरं फळ्याकडे कमी अन् माझ्या कानांकडे जास्त बघतात, कारण राग आला की आधी माझे कान लाल होतात. अशी मी, पण माझा आवाज जिच्यापुढे आपोआप खाली येतो अशी जगात एकच बाई आहे, अन् ती नेमकी माझी सासू आहे. आता हसायचं तर खुशाल हसा.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. उभी नोकरी त्यांनी नर्स म्हणून आसपासच्या गावांत काढली. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका पाटल्या करतात, यांनी गाडी घेतली. पांढरी, लहानशी, चार माणसं दाटीवाटीनं बसतील अशी. साठीच्या तोंडावर त्या गाडी चालवायला शिकल्या. शिकवणारा माणूस बेजार झाला, दोनदा शेतात गाडी घातली, एकदा कडब्याच्या गंजीत, पण शिकल्या. नऊवारी नेसलेली बाई स्टेअरिंगमागे बसून हॉर्न वाजवत बाजारातून जाते हे बघायला सुरुवातीला लोक चहा सोडून उठायचे. आता कुणी बघत नाही, आता सगळे बाजूला होतात.

गाडीचे नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. लग्नाला निघणार नाही. देवाला निघणार नाही. बाजाराला तर नाहीच. बाळंतपण असेल, साप चावला असेल, कुणाच्या छातीत कळ आली असेल, तर मात्र दार वाजवायचं. आधी ॲम्ब्युलन्सला फोन करायचा. ती लगेच येत असेल तर पेशंट तिच्यात घालायचा, उशीर असेल तर गाडी काढायची. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे त्यांच्या पोटच्या लेकानं, एकदा पावसात परभणीला ड्यूटीवर जायला गाडी मागितली, तर म्हणाल्या, "तुला काय कळा आल्यात का?" तो बिचारा रेनकोट घालून मोटरसायकलनंच गेला. मला गाडी येते, लायसन्स आहे, पण गाडीची चावी आत्याबाईंच्या कमरेच्या जुडग्यात. मागायची माझीही छाती झाली नाही.

त्यामुळे गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त. पत्र्याच्या शेडखाली, तोंड गल्लीकडे करून, कधीही निघायला तयार. कधी कधी महिनाभर हलायची नाही.

आता त्या तेलाबद्दल सांगते, कारण सगळं त्यातूनच झालं. आत्याबाईंचं माहेर चारठाण्याचं, घरी बैल होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टा पडलेला असतो, त्याला हळद-तेल चोळायचं अन् बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे काम लहानपणी आत्याबाईंकडे असायचं. पुढे बैल गेले, पण हातांची सवय गेली नाही. गाडी आली त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या वाटीत करडईचं तेल घेऊन शेडमध्ये गेल्या अन् टायर चोळायला बसल्या.

नव्यानं लग्न होऊन आले होते तेव्हा मी ते पहिल्यांदा बघितलं अन् विचारलं, "आत्याबाई, हे काय करायलात?"

"आपल्या घरी वझं कोन वाहतंय?" त्यांनी मलाच विचारलं. "ही वाहती. मग खांदे हिचेच मळायचे का न्हाई?"

मला तर ते इतकं आवडलं की मी शाळेत सगळ्यांना सांगितलं. टायर काळेभोर चमकायचे. ते चमकताना बघून आत्याबाईंना हुरूप आला अन् पोळ्याचं तेल मग दर अमावास्येला लागायला लागलं.

यंदा उन्हाळ्यात शेजारच्या शिलाईवाल्या बाईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिचं पहिलं बाळ वाटेत गेलं होतं. सासरच्या गावाहून दवाखान्यात नेताना जीप रस्त्यात बंद पडली, दुसरं वाहन मिळेपर्यंत फार उशीर झाला. तेव्हापासून ती पोरगी जीपचा आवाज आला तरी दचकायची. आल्या दिवशीच ती आमच्या ओसरीवर येऊन आत्याबाईंपाशी बसली अन् म्हणाली, "आत्या, मला तुमच्याच गाडीत न्या. दुसऱ्या कशात मी बसनार न्हाई."

आत्याबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्याच गाडीत न्हेते. माझा शब्द हाय."

त्या शब्दावर ती पोरगी जेवायला लागली, झोपायला लागली. तिची आई येता-जाता गाडीकडे बघून हात जोडायची. मला त्याचं हसू यायचं अन् छातीत कसंतरी पण व्हायचं.

दिवस भरत आले तसं आत्याबाईंनी गाडी धुवायला काढली. मी पाइप धरला होता. टायरवर पाणी मारलं तर पाणी खाली ओघळलं, पण बाजूच्या रबरात कुठं कुठं अडकून राहिलं. वाकून बघितलं तर बारीक बारीक भेगा. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा, फक्त नाजूक. एका भेगेत माझं नख गेलं. मला एकदम आठवलं की मागच्या वेळेला गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत टक टक टक करत गेली होती. उभी राहून राहून टायर एका बाजूला बसले होते.

"आत्याबाई, हे टायर बदलायला झालेत."

"काय येड लागलं का? नक्षी बघ. पहिल्या दिवशी होती तशी हाय."

ते खरंच होतं. जमिनीला टेकतो त्या भागावरची नक्षी इतकी खोल होती की टायर नवेकोरे वाटावेत. नव्या टायरला असते ती रबराची केसांसारखी लव अजून कुठं कुठं शाबूत होती. त्यांनी पंक्चरवाल्याला बोलावून आणलं. त्यानं जरासुद्धा वाकून न बघता निकाल दिला, "लय चांगले हायेत, ताई. गाडी पळतीच कुठं? आनखी लय वर्षं जातील."

नवरा संध्याकाळी आला, त्यानंही बुटानं टायर ठोकून बघितला अन् मान डोलवली. पुरुषांना टायर ठोकल्यावर काय कळतं देव जाणे. मी म्हटलं, "नक्षी पळाल्यानं झिजते. रबर नुसतं उभं राहून म्हातारं होतं, उन्हानं होतं, तेलानं तर लवकरच होतं." मोबाइलवर बघून ठेवलं होतं मी सगळं. तेलाचं नाव निघालं तसा आत्याबाईंचा चेहरा उतरला.

"म्हंजे मी तेल लावून खराब केले म्हन की," त्या म्हणाल्या अन् आत निघून गेल्या.

त्यांना लागलं होतं. मलाही वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून भेगा बुजत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी परत विषय काढला. तिसऱ्या दिवशी परत. "नीट असलेली वस्तू फेकायची म्हंजे माजलेपना," असं त्यांचं एकच पालुपद. एका संध्याकाळी मात्र माझे कान तापले. मी टॉर्च घेतला, त्यांचा हात धरला अन् त्यांना शेडमध्ये नेलं. सासूचा हात धरून ओढत नेणारी सून गल्लीनं पहिल्यांदाच बघितली असेल.

टायरच्या बाजूवर लहान अक्षरांत चार आकडे असतात. टायर कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात बनला ते. मी टॉर्च मारला. "वाचा."

त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचलं. मी अर्थ सांगितला. हे टायर माझ्या लग्नाच्याही आधीचे होते.

"आत्याबाई, तुमच्याकडे लसीची बाटली असायची. आत औषध अगदी पाण्यासारखं स्वच्छ, झाकण शाबूत, एकाही लेकराला टोचलेली नाही. तारीख गेल्यावर तुम्ही काय करायचात?"

त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"सांगा ना! नीट दिसतीय म्हणून टोचायचात?"

त्यांनी खाली बसून त्या भेगांवरून अंगठा फिरवला. नाडी बघतात तसा, सावकाश. मला वाटलं आता मला झापतील. पण त्या उठल्या, पदराला हात पुसला अन् म्हणाल्या, "सोमवारी मागवून घे चारी. आन मला आधीच असं नीट का न्हाई सांगितलंस? नुसती बोंबलायलीस आठ दिवस झाले."

बघा! मी आठ दिवस घसा कोरडा केला तो त्यांच्या हिशोबी नुसता बोंबलण्यात गेला. पण सांगते, त्या वयात, त्या मानाच्या बाईनं, सुनेच्या तोंडून आपली चूक ऐकून घेऊन एका वाक्यात मान्य करणं सोपं नाही. मला अजून जमत नाही.

सोमवार यायच्या आधीच बाजाराचा दिवस आला अन् सकाळी चहाच्या वेळेला शेजारून हाक आली. पोरीला कळा सुरू झाल्या होत्या.

आत्याबाई चावी घेऊनच बाहेर आल्या. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या गावाला पेशंट घेऊन गेलेली, यायला वेळ लागणार होता. गल्ली गोळा झाली. पोरगी आईच्या खांद्यावर भार टाकून शेडपर्यंत आली अन् गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिली. उन्हं तेव्हाच चटके द्यायला लागली होती. आत्याबाईंनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा टायरकडे, अन् चावी परत कमरेला खोचली.

"माझी गाडी आज निघनार न्हाई."

एकदम सगळेच बोलायला लागले. नवरा म्हणाला, "आई, इतकी वर्षं चाललेत, आजच्या दिवसानं काय होतंय?" पंक्चरवालाही आला होता, तो म्हणाला, "मी हवा चेक करून देतो." शिलाईवाल्या बाईंनी तर पाय धरले, "अवो, तुमी शब्द दिलता तिला!" अन् पोरगी नुसती बघत होती. ते बघणं मला सोसवेना. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलासुद्धा वाटलं की जाऊ द्यावं, काढावी गाडी, हळूहळू गेलं तर काय होतंय.

आत्याबाई म्हणाल्या, "परवापर्यंत मला मालूम नव्हतं, तवर ती चूक होती. आता मालूम हाय. तारीख गेलेली बाटली मालूम असून टोचली तर तो गुन्हा हाय." मग त्यांनी सगळ्या गल्लीदेखत सांगितलं, आवाज न चोरता, "टायर म्हातारे झालेत. मीच तेल लावून लावून खराब केलेत. सून सांगायलती, मी ऐकलं न्हाई."

मी ती बाई बघत होते. जिच्या गाडीला लोक हात जोडत होते, ती आपली पत आपल्याच हातानं खाली ठेवत होती, अन् तिचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी एक काळीपिवळी जीप परभणीकडे निघायच्या बेतात होती, बाजाराच्या माणसांनी खच्चून भरलेली. आत्याबाई तरातरा गेल्या अन् बॉनेटवर थाप मारली. "उतरा सगळे!" आत वांग्यांच्या पाट्या, कोंबड्या, एक म्हातारा पाय वर घेऊन बसलेला. ड्रायव्हर काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुला मीच बाहेर काढला हाय. पायाळू होतास. जास्त बोलू नको." जीप रिकामी व्हायला वेळ लागला नाही. म्हाताऱ्यानं तर स्वतःचं घोंगडं मागच्या सीटवर अंथरून दिलं. आत्याबाईंनी ड्रायव्हरला चारी चाकं दाखवायला लावली, आतल्या बाजूच्या अंधारात टॉर्च मारून आकडे वाचले अन् मगच मान हलवली. माझ्याच टॉर्चनं!

पण पोरगी जीपजवळ येईना. "आत्या, तुमी म्हनलात तुमच्या गाडीत..."

आत्याबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझ्या गाडीत न्हाई न्हेऊ शकत, माय. माझ्या मांडीवर न्हेते. आन ही जीप बंद पडली तर तुला पाठीवर घेऊन पळीन, पन वाटेत थांबनार न्हाई. बस."

ती बसली. आत्याबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, पायापाशी तिची आई, अन् पुढे मी. सगळ्या वाटेनं आत्याबाई तिला श्वास कसा घ्यायचा ते सांगत होत्या अन् मधूनच ड्रायव्हरला झापत होत्या. ताडकळस ते परभणी हा रस्ता मी कितीदा केला असेल, पण इतका लांब कधी वाटला नाही. दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा माझ्या हातात पुढची दांडी इतकी घट्ट धरलेली होती की बोटं उघडेनात.

दुपार व्हायच्या आत तिला मुलगी झाली. रडली पण अशी की जिना चढताना ऐकू आलं. आत्याबाई बाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटले अन् नुसत्या हसल्या. चप्पल एकच पायात होती. दुसरी ताडकळसलाच गल्लीत राहिली होती.

चार दिवसांनी नवे टायर आले. पंक्चरवाल्यानंच बसवले. जुना टायर रिंगवरून उतरवून त्यानं आतून हात फिरवला अन् टायर माझ्यापुढे धरला. मी बघितलं, आतून रबर उकललं होतं अन् धागे हाताला लागत होते. त्या दिवशी गाडी नेली असती तर कदाचित गेलीही असती नीट, कुणी सांगावं? आत्याबाई म्हणाल्या, "गेली असती तर मी पुढल्या येळेला पन न्हेली असती. म्हनून न्हाई न्हेली."

दवाखान्यातून बाळंतिणीला आणायला मात्र आत्याबाईंनी स्वतः गाडी नेली, शब्दाचं व्याज म्हणून. मी शेजारी बसले होते. येताना वळणावर एक सायकलवाला आला. तो मला लांबून दिसला. आत्याबाईंना तो दिसला तेव्हा गाडी त्याच्या अगदी जवळ पोचली होती. त्यांनी ब्रेक मारला, सायकलवाला शिव्या देत निघून गेला, मागे बाळ जागंसुद्धा झालं नाही. मी काही बोलले नाही. आत्याबाईही काही बोलल्या नाहीत.

पुढे पोळा आला. आदल्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई सवयीनं तेलाची वाटी घेऊन शेडमध्ये गेल्या. मी धावत बाहेर आले, म्हटलं झालं, पुन्हा पहिल्यापासून! पण त्या टायरला हात न लावता बॉनेटला टेकून उभ्या होत्या.

"इकडं ये," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सायकलवाला तुला दिसलता ना?"

मी मान खाली घातली.

"टायरबद्दल आठ दिवस बोंबललीस. आन माझ्याबद्दल तोंड शिवून बसलीस. का?"

काय सांगणार होते मी? की बाहेरून तुमच्यावर एक रेघसुद्धा दिसत नाही? की तुमच्या कमरेची ती चावी गेली तर तुम्ही आत्याबाई राहाल का याची मला भीती वाटली?

"नक्षी शाबूत हाय माझी," त्या स्वतःच हसत म्हणाल्या. "पन आकडे बघावेत मानसानं. मी बघितलेत." त्यांनी जुडग्यातून गाडीची चावी सोडवली. ती कडी घट्ट होती, त्यांना वेळ लागला, मी मदतीला हात पुढे केला तर हातावर चापट मारली. सोडवून त्यांनी चावी माझ्या मुठीत दिली, वर मूठ दाबली.

"नियम तेच. लग्नाला न्हाई, देवाला न्हाई, बाजाराला तर न्हाईच."

मग त्यांनी मला शेडमधल्या पाटावर बसवलं, बोटं तेलात बुडवली अन् माझे खांदे मळायला लागल्या. आधी उजवा, मग डावा. त्यांचे हात इतके उबदार होते की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं अन् थांबेना.

"रडायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाटावर बसवून पहिली पुरणाची पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. ब्लाउजच्या खांद्यावरचा तेलाचा डाग काही केल्या जात नाही. रात्री-अपरात्री दार वाजलं की त्या अजून आधी उठतात, पण दिवा लावून माझ्या चपला दाराशी सरळ करून ठेवतात, अन् मी निघते.